नळी दीड सेंटिमीटर उंच होती

खोलीत चार मांडण्या होत्या. प्रत्येक मांडणीवर वीस पिंजरे, म्हणजे एकूण ऐंशी. त्यांतले एकोणसाठ भरलेले आणि एकवीस रिकामे. भिंतीवर एक तापमापक होता आणि त्यावर बावीस अंश. तिसऱ्या मांडणीवर, वरून दुसऱ्या ओळीत, एक पांढरी उंदरीण होती आणि तिची नऊ पिल्ले. त्या नवांपैकी सहा दिवसागणिक फुगत होती. तीन जवळजवळ होती तेवढीच राहिली. त्या तिघांत दोन माझ्या बहिणी होत्या आणि तिसरा मी.

मित्रांनो, मी एक म्हातारा उंदीर आहे. किती म्हातारा, ते शेवटी सांगेन, कारण आत्ता सांगितले तर तुमचा विश्वास बसणार नाही. म्हातारपणी मन मऊ होते आणि जुने राग विरघळून जातात, असे मी पिंजऱ्यातून पुष्कळदा ऐकले आहे. माझे तसे झालेले नाही. मी इतका जगलो तो सूड घेण्यासाठी, आणि ही गोष्ट सांगतो आहे तीही त्याच कामासाठी.

आमच्या खोलीचे सर्वेसर्वा म्हणजे मोठे सर. गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा आणि वरच्या खिशात स्टीलची पट्टी. सर दुष्ट नव्हते. हे कबूल करताना मला त्रास होतो, पण खोटे बोलणार नाही. ते फार नेमके होते, इतकेच. त्यांचा एक नियम होता: सगळ्या उंदरांना सगळे सारखे. सारखा पिंजरा, सारखा भुसा, सारखे खाणे, आई सुटली की प्रत्येकाला स्वतंत्र घर, आणि पाण्याच्या नळीचे टोक तळापासून बरोबर आठ सेंटिमीटरवर. बाकी सगळे सारखे ठेवले तरच एखादा फरक कशामुळे पडला ते कळते. नियम म्हणून तो चांगलाच आहे. फक्त मी मागच्या पायांवर उभा राहून, मान ताणून, नाक वर केले, तरी साडेसहा सेंटिमीटरच भरत होतो.

एकविसाव्या दिवशी आमची वजने झाली. भाऊ दहा ग्रॅमच्या आसपास होते. मी पाच पूर्णांक आठ. त्याच दिवशी आम्हाला वेगवेगळे केले. माझा क्रमांक एकतीस. बहिणी एकोणतीस आणि तीस, शेजारच्याच पिंजऱ्यांत. भिंती पारदर्शक प्लॅस्टिकच्या होत्या, त्यामुळे आम्ही एकमेकांना पाहू शकत होतो. खाण्याचा चुरा जाळीतून खाली पडत असे, तेव्हा उपाशी कुणी नव्हते. पाणी मात्र वर होते. पहिल्या दिवशी आम्ही तिघेही उड्या मारत राहिलो. दुसऱ्या दिवशी कमी. तिसऱ्या दिवशी एकोणतीसने नळीकडे पाहणेही सोडून दिले.

चौथ्या सकाळी पिंजरे साफ करणाऱ्या मावशी आल्या. त्यांनी एकोणतीसला हातावर घेतले, बोटाने हलवले, आणि सरांना हाक मारली.

"सर, ही गेली."

"वेळ लिहा."

"वेळ लिहिते हो. पण बाटली बघा ना. ठेवली तेव्हा जेवढी होती तेवढीच आहे. पोरीनं थेंब घेतलेला नाही."

"तहान लागत नसेल. शरीर थकलं की तहानसुद्धा मरते, मावशी. म्हातारपणाचं लक्षण आहे ते."

"पंचवीस दिवसांचं पोर म्हातारं?"

"तोच तर शोध आहे," सर म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरोखर आनंद होता.

सर गेल्यावर मावशींनी माझ्या पिंजऱ्यातला भुसा नळीखाली ओढून त्याचा ढीग केला. तीसच्या पिंजऱ्यातही तसाच. मी ढिगावर चढलो. तीन दिवसांनंतरचा तो पहिला थेंब मला अजून जिभेवर आठवतो. तीससुद्धा चढत होती. अर्ध्यावर पोचली होती. तेवढ्यात सर परत आले, त्यांनी तिचा पिंजरा पाहिला, कपाळाला आठ्या घातल्या, खिशातली पट्टी काढली आणि तिच्या आडव्या कडेने भुसा सपाट केला. मग ते माझ्या पिंजऱ्याकडे वळले, आणि त्यांचा फोन वाजला. ते बोलत बोलत बाहेर गेले ते त्या दिवशी आलेच नाहीत.

मी जगलो तो त्या फोनमुळे. तीसच्या अंगात पुन्हा चढायचे बळ उरले नव्हते, ती दोन दिवसांनी गेली. तिच्या नावापुढे नोंदवहीत सरांनी लिहिले: अकाली वार्धक्य.

मित्रांनो, त्या दिवशी मी ठरवले. मला दात होते, पण सरांचा हात जाळीपलीकडे होता. दुसरे हत्यार काय होते माझ्यापाशी? फक्त एक. हा माणूस आपल्या लेखात लिहीत होता की वाढीचे संप्रेरक ज्याच्या शरीरात कामाला येत नाही तो बुटका उंदीर लवकर म्हातारा होतो आणि वर्षही गाठत नाही. आमच्याआधीचे अकरा असेच गेले होते. त्यांतला सर्वांत जास्त जगला तो एकशे बारा दिवस. मी ठरवले की मी मरणार नाही. मी रोज सकाळी या माणसाला जिवंत दिसणार.

त्याच दिवशी सरांना माझा ढीग दिसला. शिवाय ढिगामागे मावशींनी ठेवलेला कागद, जो मी कुरतडून अंगाभोवती गुंडाळला होता. लहान अंगाची ऊब पटकन निघून जाते आणि आम्हा बुटक्यांचे अंग मुळातच थोडे थंड. बहिणींना तहानेइतकेच थंडीनेही मारले होते.

"हा कागद कसला?"

"बाटली गळत होती सर, पुसायला टाकला."

"आणि हा डोंगर?"

"पोर पोचत नाही नळीपर्यंत."

"उद्या प्रत्येकाला शिडी लावाल! सगळ्यांना सारखं म्हणजे सारखं, मावशी. नाहीतर प्रयोगाचा नुसता खेळखंडोबा होतो."

"सारखं म्हणता सर, पण तुमची खुर्ची बरी खटका दाबला की वर-खाली होते."

दारातल्या शिपायाला हसू आवरले नाही. सरांनाही ते ऐकू गेले असावे, कारण दुसऱ्याच दिवशी मावशींची बदली बाटल्या धुण्याच्या खोलीत झाली. माझा भुसा सपाट झाला. पण त्या दोन दिवसांत मला पाणी मिळाले होते आणि अंगात थोडी ताकद आली होती. मी कोपऱ्यातून उडी मारून वरची जाळी पकडली, एकेक गज धरत नळीपर्यंत गेलो, आणि उलटा लटकून प्यायलो. पहिल्या दिवशी चार वेळा पडलो. मग पडलो नाही. त्यानंतर आजतागायत मी पाणी उलटा लटकूनच पितो. आता गरज नाही, तरी तसाच पितो.

समोरच्या मांडणीवर पैलवान राहत होता. त्याच्या शरीरात वाढीचे संप्रेरक मुद्दाम जास्त तयार होईल अशी योजना जन्माआधीच केलेली होती. तो माझ्या चौपट होता. पाहुणे आले की सर आधी त्याला दाखवत, मग मला. "हा बघा जोम, आणि हा बघा ऱ्हास." एकदा साफसफाईच्या वेळी मावशींच्या जागी आलेल्या नव्या माणसाने आम्हा दोघांना मिनिटभर एकाच टबात ठेवले. त्या मिनिटात पैलवानाने माझ्या डाव्या कानाचा तुकडा तोडला. मी त्याचेही नाव मनात लिहून ठेवले.

त्याच्या आयुष्याच्या तीनशे एकाहत्तराव्या दिवशी पैलवान गेला. त्याआधी महिनाभर त्याची पाठ वाकली होती, केस विरळ झाले होते, आणि तो नळीला चिकटून ढसाढसा पाणी पीत असे, कारण त्याची मूत्रपिंडे संपली होती. मला आनंद झाला. खूप झाला. मी जाळीला लटकून दोन फेऱ्या मारल्या. संध्याकाळी त्याचा पिंजरा धुवायला नेला आणि समोरची जागा रिकामी राहिली, तेव्हा तो आनंद कुठे ठेवावा ते मला कळेना. त्याने स्वतःहून थोडेच ते संप्रेरक मागितले होते? पण मित्रांनो, एवढ्यावरून मी सुधारलो असे समजू नका. मी त्याचे नाव खोडले आणि सरांचे जास्त गडद केले.

मी वर्षाचा झालो त्या महिन्यात एक अडचण आली. नोंदवहीत मोठ्या उंदरांच्या पानावर छत्तीस महिन्यांचे रकाने होते. बुटक्यांच्या पानावर बाराच. सरांनी ती पाने आपला निष्कर्ष लिहून झाल्यावर छापून घेतली होती, आणि त्यापुढची जागा कशाला वाया घालवायची म्हणून रकाने तिथेच संपवले होते. तेराव्या महिन्यात माझे वजन लिहायला जागाच नव्हती. साफसफाईचा नवा माणूस ते समासात लिहू लागला, बारीक अक्षरात. मग समासही भरला. मग त्याने लिहिणे सोडले. कागदावर मी मेलो होतो. पिंजऱ्यात रोज पाणी पीत होतो.

माझ्या पाचशे चाळिसाव्या दिवशी ताई आली. नुकतीच पदवी घेतलेली, हातावर पेनाने आकडे लिहायची सवय. नोंदवही आणि पिंजरे ताडून पाहणे हे तिचे पहिले काम. ती माझ्यासमोर थांबली, वहीत पाहिले, पुन्हा माझ्याकडे पाहिले.

"तू कोण रे? तू तर संपलेला आहेस."

मी जाळीवर चढलो आणि उलटा लटकून प्यायलो. ती पाहत राहिली. मग तिने आपली पट्टी काढली. आधी नळी मोजली, मग मला. मी आता वाढून सात सेंटिमीटर भरत होतो. तिने आकडे हातावर लिहिले आणि थेट बाटल्या धुण्याच्या खोलीत गेली. दोन खोल्यांमध्ये खिडकी होती, म्हणून मला सगळे ऐकू आले.

"मावशी, एकोणतीस आणि तीस कशानं गेल्या?"

"वहीत लिहिलंय की."

"वहीतलं वाचलंय. तुम्हाला विचारतेय."

बाटल्यांचा आवाज थांबला. "तहानेनं," मावशी म्हणाल्या. "आणि तो बोटभऱ्या अजून आहे? खरं सांगतेस?"

बोटभऱ्या म्हणजे मी. हे माझे एकमेव नाव, आणि ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

पुढे महिनाभर त्या दोघी खिडकीतून बोलत. मला माझ्याच शरीराची माहिती अशी मिळाली.

"मेंदूच्या खाली एक इवलीशी ग्रंथी असते," ताई सांगत होती. "ती वाढीचं संप्रेरक रक्तात सोडते. ते यकृतापाशी पोचलं की यकृत दुसरं एक संप्रेरक काढतं, आणि त्यानं हाडं-स्नायू वाढतात. याच्या पेशींवर पहिला निरोप घेणारी जागाच नाही. जन्मापासून."

"म्हणजे सासू हाका मारतेय आणि सून बहिरी."

"अगदी! आणि सून ओ देत नाही म्हणून सासू आणखी ओरडते. याच्या रक्तात ते संप्रेरक त्याच्या भावांपेक्षा कितीतरी जास्त आहे."

"मग घरात नुसता तमाशा."

"तिथंच तर गंमत आहे. सून बहिरी म्हणून घर शांत. अंगावर चरबी आहे, तरी रक्तातली साखर कमी. इन्शुलिन थोडंसं पुरतं. वाढायची घाई नाही, त्यामुळे शरीराला मोडतोड दुरुस्त करायला सवड मिळत असावी. असावी म्हणते हं, अजून नक्की नाही."

"मला आधी कुणी सांगितलं असतं तर मीही बहिरी झाले असते," मावशी म्हणाल्या. "शंभर जगले असते."

मला हे ऐकून थोडा राग आला. इतके दिवस मला वाटत होते की मी निश्चयाने जगतो आहे. आता कळले की माझ्या सुडातला मोठा वाटा माझ्या यकृताच्या बहिरेपणाचा आहे. पण मग वाटले, त्याच बहिरेपणाने बहिणींनाही बुटके केले होते. तेच आयुष्य त्यांच्याही वाट्याला होते. ते दीड सेंटिमीटरवर अडले.

ताईने सरांकडे जाऊन बारा नवे बुटके मागितले. नळी लांब आणि खाली. तिघे तिघे एका पिंजऱ्यात, म्हणजे एकमेकांची ऊब. प्रत्येक पिंजऱ्यात कुरतडायला कागद. सर आढेवेढे घेत म्हणाले, "एका उंदरावरून एवढं? तो अपवाद आहे."

"तुम्ही तेरांवरून काढलात सर. त्यांतल्या शेवटच्या दोघींना पाणी पोचत नव्हतं. आधीच्या अकरांचं मला माहीत नाही, पण नळी तेव्हाही आठवरच होती."

"नळी नेहमीच आठवर होती."

"हो सर. तेच म्हणतेय."

शेवटी सरांनी सही केली. माफी मागितली नाही. कुणाची मागणार होते? वर्षभराने ताईने मोजले तेव्हा बारापैकी बारा जिवंत होते.

माझ्या पानाला तिने नवे कागद चिकटवले होते. एक, मग दोन, मग तीन. भाऊ केव्हाच गेले. शेवटचा आठशे अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी. मी एक हजार दिवस ओलांडले आणि माझ्याकडे पाहण्यासाठी दुसऱ्या इमारतीतून माणसे येऊ लागली. सर त्यांच्या मागे उभे राहत आणि काही बोलत नसत. ते मला फार गोड लागे.

पण अकराशेच्या सुमारास माझे वजन उतरू लागले.

इथे एक नियम आहे, आणि तोही चांगला आहे. एखाद्या प्राण्याचे वजन त्याच्या सर्वांत जास्त वजनापेक्षा वीस टक्क्यांनी घटले, तर त्याला आणखी त्रास होऊ नये म्हणून इंजेक्शन देऊन शांत करायचे. माझे सर्वांत जास्त वजन सोळा ग्रॅम होते. म्हणजे हद्द बारा पूर्णांक आठ. लागोपाठ चार सोमवारांची माझी वजने अशी: तेरा पूर्णांक नऊ, तेरा पूर्णांक पाच, तेरा पूर्णांक दोन, बारा पूर्णांक नऊ.

"वय झालं," सर म्हणाले. "मी म्हणत होतोच. उशिरा का होईना, ऱ्हास तो ऱ्हास."

मला भूक होती. खाण्याचे कडक तुकडे मी ओढून घेत होतो, पण ते फुटतच नव्हते. मावशींनी ओळखले. बाटल्या ठेवायला आल्या तेव्हा त्यांनी मला मानेच्या कातडीने उचलून ओठ वर केला.

"ताई, हे बघ. दात वाढून वाकडे झालेत. मिटतायत कुठं? पोर चावणार कशानं?"

मंगळवारी ताईने माझे दात कापून सरळ केले आणि खाणे पाण्यात भिजवून बशीत दिले. मी तोंड भरभरून खाल्ले. गुरुवारी सरांना बशी दिसली.

"भिजवलेलं बाकीच्यांना देता का?"

ताई चिडली नाही. तिने फक्त बशी हातात घेतली. "बाकीच्यांचे दात शाबूत आहेत सर."

सरांनी खिशातल्या पट्टीला हात लावला आणि तो तसाच काढून घेतला. मग म्हणाले, "सोमवारी वजन मी करीन. नोंदही मीच करीन. हद्दीच्या खाली असेल तर लगेच."

मित्रांनो, रविवारभर मी खात राहिलो आणि विचार करत राहिलो. सोमवारनंतर बोलायला मिळेल की नाही ठाऊक नव्हते, म्हणून तुम्हाला सांगायचे ते मी तेव्हाच ठरवून ठेवले. तुमच्या घरात, तुमच्या वर्गात कुणी छोटे असेल, हळू असेल, मागे पडत असेल, तर त्याच्याविषयी काही ठरवण्याआधी नळी कुठे आहे ते बघा. त्याच्या जागी उभे राहून बघा, गुडघ्यावर बसून बघा. सगळ्यांना सारखे दिले म्हणून आपले काम झाले असे समजू नका. आणि ज्याला पोचत नाही त्याच्या नावापुढे घाईने काही लिहू नका. माझ्या बहिणींच्या नावांपुढे जे लिहिले ते अजून कुणी खोडलेले नाही.

सोमवारी सर आले. त्यांच्या हातात ट्रे होता, त्यात काटा, पेन, आणि कापसावर ठेवलेली सुई. ताई भिंतीला टेकून उभी होती, हात घट्ट बांधून. दारात मावशी, काखेत बाटल्यांची टोपली. सरांनी जाळी उघडली. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी स्वतः उचलले नव्हते. हात आत आला. अंगठा माझ्या तोंडासमोर होता, जाड, धुतलेला, नख नीट कापलेला. मध्ये जाळी नव्हती.

मी चावलो. जोर लावून, दोन्ही दात आत जाईपर्यंत.

"आई गं!"

"आहेत हो सर," मावशी दारातून म्हणाल्या, "दात आहेत अजून."

सरांनी मला टाकले नाही, हे सांगायला हवे. अंगठ्यातून रक्त येत होते, तरी त्यांनी मला दुसऱ्या हातात घेतले, हळूच काट्यावर ठेवले, आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबले. मग त्यांनी चष्मा डोळ्यांना लावला, ताईने चिकटवलेल्या तिसऱ्या कागदावर सदतिसाव्या महिन्याचा रकाना शोधला, आणि आपल्या हाताने लिहिले:

क्रमांक एकतीस. वय एक हजार एकशे सव्वीस दिवस. वजन तेरा पूर्णांक तीन ग्रॅम.